शाळेसमोरच्या कडुनिंबाची जाळी

आई, उन्हाशी तुझं आणि माझं सारखंच वैर होतं. रस्ता रुंद करताना नगरपालिकेने स्टेशन रोडची सगळी झाडं पाडली आणि तुला शाळेत शिकवून घरी यायला सावलीचा एक तुकडा उरला नाही. ओला पदर डोक्यावर घेऊन तू यायचीस, माठातलं पाणी पिऊन स्वयंपाकघरात फरशीवरच बसायचीस. अजून दिसतं, मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी झाडांवरचं भाषण पाठ करत ओट्याभोवती फिरते आहे. तू ऐकून घेतेस आणि म्हणतेस, "लेक्चर झालं असन तं कढीपत्त्याले पाणी टाकजो." मी पाणी टाकलं की नाही, ते आठवत नाही. भाषणाला बक्षीस मिळालं होतं.

तू सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलीस ती परतली नाहीस, त्यानंतर काही वर्षांनी बायांसाठी जागा राखीव झाल्या आणि मी पालिकेत निवडून आले. सभागृहातला माझा पहिला ठराव तुझ्यामुळेच सुचलेला: प्रत्येक घराने आपल्या गेलेल्या माणसाच्या नावे एक कडुनिंब लावावा, पालिकेने लोखंडी जाळी द्यावी आणि जाळीवर नावाची पाटी असावी. मी इतकं बोलले की विरोधकांनीही बाकं वाजवली. लोक वडलांची, आज्यांची नावं घेऊन आले. पहिलं झाड तुझं, शाळेच्या फाटकासमोर. भंगारवाले जाळ्या उचलून नेतील म्हणून आम्ही त्यांची बुंध्याभोवतीची गोल कडी अखंड वेल्ड करून घेतली. दार नाही, बिजागरी नाही. झाड जाड होत जातं हे माझ्यासकट एकाही सदस्याला सुचलं नाही.

झाडं जगली. पोरं सावलीत सायकली लावू लागली. पण या उन्हाळ्यात पाहते तर तुझ्या झाडाची साल लोखंडावरून ओठासारखी फुगून आली आहे, खालचं कडं दिसेनासं झालंय आणि वरच्या फांद्या पिवळ्या पडल्या आहेत. सगळीकडे थोडंफार हेच. मी जाळ्या कापायचा ठराव आणला, तेव्हा पाट्यांवरच्या माणसांच्या घरचे लोक चिडून पालिकेत आले. त्यांच्यात चौकातले म्हातारे किराणा दुकानदार होते. ते म्हणाले, "म्या का माह्या बायकोचं नाव भंगारात टाकू?" मग मी उभी राहिले. स्मारक झाड असतं, लोखंड नसतं, आपण आपल्याच माणसांच्या नावाने त्यांचा गळा आवळतो आहोत, असं बरंच काही बोलले. म्हातारे रडले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी त्यांनीच बायकोची जाळी कापून घेतली आणि गरम पाटी दुपट्ट्यात गुंडाळून छातीशी धरली.

वेल्डर कापत कापत शाळेपाशी आला. मी म्हणाले, हे आज राहू दे, गॅस संपत आला असेल. दुकानदार मागेच उभे होते. "बाई, सिलिंडर तं त्यानं आताच बदललं," एवढंच म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर देऊ शकले असते.

कारण तुला सांगते. रेशन कार्डावरून तुझं नाव मीच जाऊन कमी करून आणलं. शाळेतला शिक्षकांच्या नावांचा जुना फळा रंगकामात गेला. आता गावात तुझं पूर्ण नाव त्या पाटीवर तेवढं उरलं आहे. मधल्या सुट्टीत पोरं ते अक्षरं जुळवून मोठ्याने वाचतात, आणि मी कधीकधी ते ऐकायला मुद्दाम तिथून जाते. पाटी घरी आणली तर वाचणारी मी एकटी. म्हणून मी तुझं झाड घुसमटू देते आहे. आख्ख्या गावाला पटवलेली गोष्ट मला स्वतःला पटलेली नाही, याची मला फार लाज वाटते.

वेल्डरला मी उद्या अकराला बोलावलंय. मी समोर नसले तर नगरसेविकेच्या आईच्या नावाला तो हात लावणार नाही. आणि उद्या अकराचीच वर्ध्याची सभा मी आज सकाळी स्वतःहून मागून घेतली. दहाची एसटी आहे. आई, मला त्या गाडीत चढू देऊ नकोस.