जानेवारीतली राखी

अकोला

पुष्पाआत्या,

नमस्कार लिहीत नाही. तुयापुढं हात जोडायची इच्छा उरली नाही.

परवा आपल्या बियाणे कंपनीत लैंगिक छळ रोखायचं प्रशिक्षण झालं. अमरावतीच्या मॅडमनं सांगतलं, बाईच्या मर्जीशिवाय हात लावला तर कारवाई होते. कंपनीच्या तक्रार समितीची अध्यक्ष म्हणून सगळ्यात जोरात टाळ्या तूच वाजवल्या. मॅडमची गाडी गेटबाहेर गेली, अन् तू पर्समधून राखी काढली. "बांध श्यामरावले. तुयी तक्रार मिटली."

ऐन जानेवारीत राखी! सुपरवायझर हसत हसत मनगट पुढं करून उभा. त्याच हातानं त्यानं गोडाऊनमध्ये मायी कंबर धरली, हे तुले मी रडत सांगतलं होतं. तू म्हणाली, "भाऊ झाल्यावर कसा लावते हात?"

राखी टेबलावर टाकून मी निघाली, तर मी घरी पोचायच्या आत बाबाले तुया फोन, पोरगी उद्धट झाली म्हणून.

हे पत्र धाडत नाही, तू आधी श्यामरावलेच वाचून दाखवशील. अर्ज मात्र आज कलेक्टर कचेरीत देऊन आली. त्यात तुयंही नाव हाय.

भाऊ मले घरी दोन हायेत, आत्या. मले समिती पाहिजे होती.

नाइलाजानं तुयी भाची,
रागिणी