तीन नंबरचा स्वभाव

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
काम मिळालं. हॅचरीतल्या चार उबवणी मशीनचं तापमान मावशींच्या एक्सेल शीटवर चालतं. मावशी म्हणजे इथल्या सुपरवायझर. बावीस वर्षांचा अनुभव, कॉम्प्युटरशी ओळख माउसपुरती. त्या शीटचा आधी पायथॉन भाषेत प्रोग्रॅम करायचा आणि मग मशीनच्या कंट्रोल पेटीला समजतात ते पडद्यावरचे रंगीत ठोकळे. साहेबांची अट : तीन नंबरमधली ४,८०० अंडी माझ्या प्रोग्रॅमवर उबवायची. ८५ टक्के पिल्लं निघाली तर २८ तारखेला मी पर्मनंट. नाहीतर प्रोबेशन संपलं की नमस्कार.
अंदाज : दीड दिवस.
आईला फोनवर सांगितलं, झाल्यात जमा आहे. ती म्हणाली, बाजारात तुरी. पुढचं मी ऐकलं नाही.

४ फेब्रुवारी, दुपारी १२.४०
शीट पाहिली. एक, दोन आणि चार नंबरच्या कॉलमांत फॉर्म्युले आहेत. तीन नंबरच्या कॉलममध्ये एकही नाही. अठरा दिवसांचे (शेवटचे तीन दिवस अंडी पिल्लं निघायच्या कपाटात जातात) अठरा आकडे हाताने टाईप केलेले. सगळे बाकीच्यांपेक्षा बरोबर ०.६ ने कमी. मानवी चूक. इतकी नियमित की थोडं कौतुक वाटलं.
आकडे पुसले, फॉर्म्युला खाली ओढला. मेळ राहावा म्हणून मावशींच्या मूळ शीटमध्येही.

४.१५
मावशींना कळवलं. चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या, अगं ते राहू दे, तीन नंबर तापट आहे. त्याला जरा कमीच सांगावं लागतं, मग तो हवं तेवढं करतो. मी समजावलं की मशीनला स्वभाव नसतो. त्या म्हणाल्या, तुझ्या कॉलेजात नसेल.
नोंद : मोठ्यांशी वाद न घालता पुढे जायला मी शिकले आहे.

५ फेब्रुवारी
ठोकळे तयार. वायरमनकाका ते माउसने एकेक ओढून लावतात, दोन दिवस जातात. माझा प्रोग्रॅम चार सेकंदांत लावतो. काका म्हणाले, वा, बिघडायचीही चार सेकंदांत सोय झाली. टोमणा होता. सोडून दिला.
११ वाजता अंडी आत. दारावर कागद चिकटवला : ‘चाचणी सुरू. तीन नंबरला कोणीही हात लावू नये.’ खाली साहेबांची सही. कोणीही म्हणजे कोण, ते मावशींना कळलं.

८ फेब्रुवारी
मशीनच्या पडद्यावर ३७.७. मला हवं ३७.७. फरक शून्य.
मावशी दारापुढून तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा काचेवर तळहात टेकून उभ्या राहिल्या. मी कागदाकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, हात दाराला लावलाय, मशीनला नाही.
असल्या गोष्टींनी विचलित व्हायचं नाही. झाले नाही. दर दहा मिनिटांनी पडदा पाहिला, तो मी एरवीही पाहते.

१३ फेब्रुवारी
दिव्यावर धरून अंड्यांची तपासणी. तीन नंबरचं एक अंडं मावशींनी बराच वेळ धरलं. मग म्हणाल्या, हे पुढे पळतंय, आठव्या दिवशी नवव्याचं पिल्लू दिसतंय.
साहेबांना कळवलं : तीन नंबर वेळापत्रकाच्या पुढे. त्यांनी अंगठा पाठवला.
तो मावशींना दाखवला. त्या म्हणाल्या, पोरी, उतू जाणारं दूधही लवकरच वर येतं.

१६ फेब्रुवारी, सकाळी ८.०५
मावशींनी ड्रॉवरमधला काचेचा थर्मामीटर माझ्या हातात दिला. तूच आत ठेव, म्हणाल्या, मला मनाई आहे.

८.२५
पडदा ३७.७. थर्मामीटर ३८.३.

८.४०
दुसरा थर्मामीटर. ३८.३.

८.५५
तोच एक नंबरमध्ये ठेवला. ३७.७. म्हणजे थर्मामीटर बरोबर. तीन नंबरचा सेन्सर ०.६ कमी दाखवतो. अकरा दिवस मी ४,८०० अंडी जास्त तापवते आहे.

९.००
मावशींना विचारलं, हे सांगितलं का नाही. म्हणाल्या, सांगितलं की, तापट आहे म्हणून. मी म्हटलं, सेन्सर चुकतो असं सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, इथे सगळ्यांना तेवढ्यावर कळतं.

९.१०
कोडमध्ये ०.६ वजा केले. हाताने टाईप करून. याला हाताने टाईप करणं म्हणत नाहीत. स्थिरांक म्हणतात.

१७ फेब्रुवारी
साहेबांना मेल : ‘असे आढळून आले की काही आकडे पुसले गेले.’ उत्तर आलं : कोणाकडून?
चाळीस मिनिटं वाक्य कर्त्याशिवाय पुरं करायचा प्रयत्न केला. मग लिहिलं : माझ्याकडून.

२५ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
एक दिवस आधीच कवचांना तडे. दाराशी मावशी, काका, मी. आतून चिवचिव येते, थांबते. थांबली की मी सेकंद मोजते. मावशी म्हणाल्या, मोजू नकोस, ऐक.

११.००
मोजते आहे.

२६ फेब्रुवारी
३,४०८ पिल्लं. ७१ टक्के. १,३९२ अंडी तशीच राहिली.
त्यांचे ट्रे मावशींनी मला एकटीला उचलू दिले नाहीत, दुसरी कड धरली. रागावल्या असत्या तर मला चाललं असतं.
आईचा फोन. रेंज नव्हती, म्हणून उचलला नाही. चारही दांड्या होत्या.

२८ फेब्रुवारी
पर्मनंट नाही. नमस्कारही नाही. प्रोबेशन सहा महिने वाढलं. साहेब म्हणाले, मावशींनी मागून घेतलं आहे तुम्हाला.
सकाळभर मावशी पुसलेले आकडे तोंडपाठ सांगत होत्या, मी त्यांच्या शीटमध्ये भरत होते. अठरा. शेजारी ‘कारण’ असा कॉलम केला. त्या म्हणाल्या, लिही, तापट. मी लिहिलं, सेन्सर ०.६ कमी दाखवतो. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, तेच ते.

२ मार्च
आईला सांगितलं, कंपनीने माझा कालावधी वाढवला आहे. तिने विचारलं, जेवलीस का. मग विचारलं, आणि तुझा तो प्रोग्रॅम?
मी म्हटलं, चालू आहे. हे खोटं नाही. रोज सकाळी आठला तो मावशींची शीट उघडून देतो.