पॅडमधले बाबा

लालबाग,
१५ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मयूरदादास,
कालिंदीचा नमस्कार.

कुडाळात अजून थंडी असेल. इथे दोन दिवस गारवा आला आणि गेला. आई बरी आहे. गुडघ्यांवर राग काढते, ते दुखायचे थांबले की माझ्यावर. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा पत्राचा उद्योग.

हल्ली दुपारी डोळा लागला की ढोलकी ऐकू येते. लांबून, पाण्याखाली वाजावी तशी. मी झोपेतच म्हणते, "बाबा, चहा झालाय." त्यांना जाऊन वर्ष होत आलं, पण त्या अर्धवट झोपेत ते गॅलरीत बसलेले असतात आणि मला फार बरं वाटतं.

आता मुद्दा. मिरवणुकीच्या बेंजो पार्टीत मी हौसेनं ते काठीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवते. त्यात कंपनीनं विकलेलेच आवाज चालतात, आपले घालायला कुलूप. मी सॉफ्टवेअरचं ते कुलूप उघडलं आणि बाबांना माइकसमोर बसवलं. आजारात हात कापायचा, तरी ढोलकीचा एकेक बोल त्यांनी आत भरला. पॅडवर काठी मारली की बाबांचा हात वाजायचा, दादा!

घरातच ठेवलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. पण आपल्या लायनीत नवी चाल कुणी पोटात ठेवतं का? पॅडच वाजवणाऱ्या भायखळ्याच्या संघर्षला युक्ती सांगितली, फणसवाडीच्या वैदेहीला सांगितली. संघर्षनं कौतुकानं आम्हा तिघांच्या नावांसकट ती नेटवर टाकली. झालं, तिघांनाही कंपनीच्या वकिलाची नोटीस.

आपल्या वकील मेघनाताई म्हणाल्या, "अगं, बाबांचे बोल तुमचेच. पण कुलूप तोडलंस आणि तोडायचं कसं ते गावभर शिकवलंस, ते अंगाशी येईल. कोर्टात जिंकालही, पण वर्षं जातील."

कंपनीची अट अशी: पॅड मूळ स्थितीत आणायचं, आत भरलेलं सगळं पुसायचं, प्रत ठेवणार नाही असं लिहून द्यायचं. मी सही केली की तिघंही सुटणार होतो. संघर्षच्या बायकोला दिवस गेलेत. वैदेही नुकती शाळेत नोकरीला लागलीय.

"पुसू नको गो," आई म्हणाली. "परत एकदा गेल्यासारखे होतील ते."

मंगळवारी मी सही केली. चोरून प्रत ठेवायचं मनात आलं होतं, पण लिहून दिलेलं खोटं करवेना. बटण दाबलं आणि पॅड कोरं झालं. आई त्या दिवशी जेवली नाही.

एवढं लिहिलं, पण जे सांगायला बसले ते अजून सांगितलेलं नाही. बोल भरताना प्रत्येकाच्या आधी बाबांचा आवाज होता. वाजवताना तो ऐकू येऊ नये म्हणून मी झाकला होता, पुसला नव्हता. तू त्यांच्याशी भांडून ढोलकी टाकून गेलास ना? एकेका बोलाआधी, न चुकता, ते म्हणायचे, "मयूर, हा नीट ऐक."

तू आलास की लावून दाखव, असं मला बजावलं होतं. बाराव्याला तू चहाही न घेता निघून गेलास.

ते तुझं होतं, दादा. तुला न विचारता मी ते पुसलं. फोन लावला होता, सहीच्या आधी, तीनदा.

तुझी ठेव देऊन दोन घरं वाचवणारी,
कालिंदी