पाण्यावरचं बोलणं

४ मार्च

मुलगा नाही म्हणाला. सरळ तोंडावर! रविवारी तलावाकाठी यांचे गळवाले सोबती जमणार आहेत, यांची आठवण काढायला. मुलानं चार शब्द बोलावेत, एवढंच त्यांचं म्हणणं. तर म्हणतो, "आई, बाबा माझ्याशी चार शब्द बोलले असते, तर मीही बोललो असतो." ताट तसंच टाकून उठला. सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. मी भांडी उचलली.

५ मार्च

खोटं तरी कसं म्हणू? घरात हे म्हणजे दगड. काहीही विचारा — "हो." भाजीत मीठ कमी झालंय का? हो. जास्त झालंय का? हो! आम्ही हसायचो. मी हाक मारली तर वळायचेसुद्धा नाहीत. बायकोच्या हाकेला कान बंद, हे सगळ्याच नवऱ्यांचं असतं, असं मी धरून चालले.

मुलगा मात्र हसायचा नाही. लहानपणी शाळेतलं काही सांगायला गेला, की हे त्याच्या तोंडाकडे रोखून बघायचे. पोर घाबरायचं. मान खाली घालून पुटपुटत कसंबसं संपवायचं. यांचं उत्तर ठरलेलं. हो.

आणि रविवार उजाडला की गळ, गांडुळांचा डबा, आणि स्वारी चालली शीळ घालत.

घर नकोसं होतं का यांना? मी नकोशी होते? आता विचारायचं कुणाला!

६ मार्च

यांचे गळ पुसून ठेवले. काटा बांधताना जिभेचं टोक बाहेर यायचं, पहिलीतल्या पोरासारखं. आणलेला मासा स्वतः साफ करायचे, मला हात लावू देत नसत. एवढी माया होती, फक्त तोंडाला कुलूप.

पाठ दुखते. पुरे.

७ मार्च

शिंप्याच्या दुकानात गेले. यांचा गळाचा जोडीदार. पाण्यात एका पायावर उभा राहतो म्हणून सगळे त्याला बगळा म्हणतात, मी आपली भाऊजी म्हणते. मुलगा बोलणार नाही, एवढं सांगायला गेले होते. तर म्हणाले, चालायचंच, आम्हालाही बोलायची सवय नाही, इतकी वर्षं ते काम त्यांनीच केलं. यांच्या बडबडीनं मासे पळायचे म्हणे!

मी स्टुलावर बसलेच. यांची बडबड?

मग भाऊजी सांगत सुटले. मुलानं लहानपणी घड्याळ खोलून परत जोडलं ते, सूनबाईनं घरात आणलेली आंधळी मांजर, माझं रुसणं आणि रुसल्यावर आपटलेली झाकणं — सगळं त्यांना पाठ. मी म्हटलं, मग घरात का मौन? भाऊजींनी मशीन थांबवलं.

"वहिनी, त्यांना घरात ऐकू कुठे यायचं? तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

कारखान्याच्या आवाजानं कान गेले होते. तरुणपणीच. कळलं तर क्रेनवरून खाली उतरवतील, म्हणून लपवलं. पुढे निवृत्त झाले, तेव्हा इतकी वर्षं लपवलं हे सांगायचीच लाज वाटली. पंखा, कुकर, आमचं सगळ्यांचं एकदम बोलणं — त्यात यांना काही उमगायचं नाही. तलावावर चिडीचूप. भाऊजी अगदी कानाशी बसायचे. तिथे माणसाचा आवाज पोचायचा.

वाटेत दोनदा थांबले. रोखून बघत नव्हते ते. ओठ वाचत होते! आणि पोर मान खाली घालायचं.

८ मार्च

सकाळी मुलाला सगळं सांगितलं. आधी चिडलाच. मग सांगायचं ना, म्हणाला, मी ओरडून बोललो असतो, पाटीवर लिहून दाखवलं असतं! खरंच आहे. यांच्या हट्टापायी केवढं वाया गेलं. मलाही राग आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बरं वाटलं.

मग माझ्याजवळ येऊन बसला.

"मी मान खाली घालायचो, आई?"

"लहान होतास रे."

रविवारी येईन म्हणाला. बोलेन असं नाही म्हणाला.

९ मार्च, रविवार

सगळ्यांसमोर मुलगा एक शब्दही बोलला नाही. लोक पांगल्यावर एकटाच काठाशी जाऊन बसला, यांच्या जागेवर. मान वर करून, मोठमोठ्यानं, किती वेळ बोलत होता! मी लांबच थांबले. त्या दोघांचं होतं ते.