पिवळ्या फ्रॉकची बटणं

अण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि तुमचं एक म्हणणं मी या उन्हाळ्यात ऐकलं. अर्धवट पडलेली कादंबरी पुन्हा हातात घेतली, पण या वेळी आधी आखून घेतली. हसू नका. लातूरच्या क्लासमध्ये एकेका वर्गात दीडशे पोरं बसवून मी वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि प्रत्येकाला बजावलं की आधी मुद्दे काढा, मग उत्तर लिहा. स्वतः मात्र सुचेल तसं लिहीत राहिले. आराखडा काढणं म्हणजे कारकुनी, असं तोऱ्यात सांगायचे लोकांना. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा एकाच जागी अडले. भूकंपानंतर औशातला शिंपी दुकान उघडतो, खुंटीवरचा पिवळा फ्रॉक त्याला दिसतो, आणि पुढे माझा हात चालत नाही.

औशाच्या स्टँडजवळचं आपलं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. मी दहावीत आहे, खडू न लावताच परकराच्या कापडाला कात्री घातली आहे आणि कापड तिरकं गेलं आहे. तुम्ही ओरडत नाही. खाकी कागदाचा तुकडा पुढे सरकवता. "यावर आख आधी. इथं चुकली तर काय बिघडत न्हाई, माय. कापड लोकाचं हाय." मला तेव्हा राग आला होता, कारण दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. पुढे मी कादंबरी लिहितेय म्हटल्यावर तुम्ही त्याच खाकी कागदाची अख्खी गुंडाळी आणून दिलीत. "लिव्हायचं असलं तरी आखावं लागतच की." मी ती कपाटावर टाकली, आणि मैत्रिणींना तुमची नक्कल करून दाखवली. आता लाज वाटते.

त्या फ्रॉकचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे, तरी सांगते. मी बारावीत होते. काज-बटण घरी मी करायचे. भूकंपाच्या पट्ट्यातल्या गावचा एक माणूस बाजारच्या दिवशी लेकीचा फ्रॉक न्यायला आला. सहा-सात वर्षांची लेक, तिनं म्हणे बापाला बजावून धाडलं होतं. फ्रॉक शिवून तयार होता, पाठीला चार बटणं तेवढी नव्हती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, बटणं संपली हायती. तुम्ही त्याच्यापुढे हात जोडलेत. "चूक माझी हाय, पाव्हणं. आणायची राह्यली. फुडल्या बाजारी या, नक्की." तो "हाव" म्हणाला आणि एसटीला पळाला. पुढचा बाजार यायच्या आधी भूकंप झाला.

तुम्ही फ्रॉक पिशवीत घालून त्या गावाला गेलात आणि पिशवी तशीच घेऊन परत आलात. त्याचं घर कुठलं, तेसुद्धा ओळखू येत नाही म्हणालात. दोन दिवस जेवला नाहीत. त्यानंतर दुकानात बटणं कधी संपली नाहीत. तुम्ही गेल्यावर दुकान आवरताना फळीवर बटणांच्या अकरा बरण्या निघाल्या. आई म्हणाली, "येड लागलं होतं त्येंला बटणांचं." मी बरण्या पुसत राहिले.

या उन्हाळ्यात तुमची गुंडाळी काढली, हॉलच्या फरशीवर पसरली, चारी कोपऱ्यांवर पाठ्यपुस्तकं ठेवली आणि निळ्या खडूनं एकोणीस प्रकरणं आखली. मजा आली, अण्णा! कोण कुठे येणार, कोण कुठे जाणार, सगळं समोर. दोन प्रकरणं उगाच होती, ती पुसली, सतरा उरली. आणि जिथे मी दर वेळी अडत होते, ती जागाही स्पष्ट दिसली. सुचेल तसं लिहिताना तिला वळसा घालता येत होता. आखल्यावर तेरावा चौकोन रिकामा राहिला, आणि तो भरल्याशिवाय चौदाव्यात जाता येईना. त्यात काय येणार ते मला पहिल्यापासून माहीत होतं. आज सकाळी चहा गार होईपर्यंत बसून ते प्रकरण लिहून काढलं. चांगलं झालंय. पुढची चार दिवाळीपर्यंत होतील, याची मला खात्री आहे.

हे पत्र त्याच गुंडाळीत सारून ठेवणार आहे. पुस्तक लोक वाचतील तेव्हा वाचतील, पण तेराव्यातली गोष्ट तुम्हाला आधी कळायला हवी. त्या आठवड्यात मी वहीत माझी पहिली गोष्ट लिहीत होते. तीन दिवस सुईला हात लावला नाही, आणि तुम्ही बघितलंत तेव्हा तोंडाला येईल ते बोलले. अण्णा, बटणं संपली नव्हती. चारही माझ्या कंपासपेटीत होती.