किटलीच्या अंगाला काही लागेना

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.

आज पहाटे उठून, हातपाय धुऊन, किटलीच्या ठाणात गेलो आणि तिच्यासमोर डोळे मिटून पंधरा मिनिटं शांत उभा राहिलो. देवाचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा घोडी घामाने निथळत होती आणि बादली बाहेर वाटेत पडली होती. पण कान माझ्याकडे होते. म्हणजे ऐकत होती.

नोंद असावी म्हणून लिहितो. ही घोडी आमच्या घोडेस्वारीच्या शाळेत महिन्यापूर्वी दलालाकडून आली, जमलं तर ठेवू अशा बोलीवर. जरा काही झालं की फुरफुरते, उकळते आणि शिट्टी मारते, म्हणून सगळे किटली म्हणतात. फासळ्या लांबूनही मोजता येतात. मालकीणबाई म्हणाल्या, "मोतद्दार, पंधरा एप्रिलपर्यंत वीस किलो चढलं आणि शिकणाऱ्यांना गुमान पाठीवर बसू दिलं, तर राहील. नाहीतर दलाल घेऊन जाईल." दलालाकडून ती ओझ्याच्या गाडीला जाणार, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

मी म्हणालो, "बाई, माझ्यावर सोडा."

सत्तावीस वर्षं घोड्यांची चाकरी केली आहे. माझ्याइतका शांत माणूस या तबेल्यात दुसरा नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. दात पाहिले, जंताचं औषध दिलं, छातीभोवती वजनाची पट्टी लावली. ३४० किलो. मग कागदावर लिहून दिलं: वाळलेलं गवत दिवसभर पुढ्यात. कोंडा आणि जवसाची पेंड भिजवून, चार वेळा, थोडी थोडी. तेल चमच्याचमच्याने वाढवायचं. रोज मोकळं सोडायचं. ओट आणि साखर पूर्ण बंद. म्हणाल्या, "काका, ओटने हिच्या अंगात मांस कमी आणि वारं जास्त शिरेल."

कागद बरा आहे. पण मुख्य गोष्ट कागदात नाही. खाल्लेलं अंगाला लागतं ते वाढणाऱ्याच्या मनामुळे. कोंडा कोणीही कालवेल. मन कुठून आणणार?

संकल्प: चारही वेळा मीच वाढणार. आधी प्रार्थना. दुसऱ्या कोणी ठाणाकडे फिरकायचं नाही.

हिला सांगितलं. (ही आमच्याच शाळेत खोगिरं आणि लगाम शिवते.) दोऱ्याला मेण लावत म्हणाली, "अहो, तिला जेवू द्या म्हणजे झालं."

बायकांना यातलं सूक्ष्म कळत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार.

पट्टी: ३४०. उतरलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

कारणं: (१) पत्र्यावर कबुतरं. (२) मेहुण्याचा शर्ट. हिचा भाऊ गवताचा ट्रक घेऊन येतो. शर्ट इतका भगभगीत पिवळा, की घोडी का, मीसुद्धा बुजलो. त्याला म्हटलं, साधा शर्ट घालत जा. तर म्हणतो, "दाजी, घोडी माझ्याकडे बघतच नव्हती. तुमच्याकडे बघून नाचत होती."

आनंदाने नाचत होती. त्याला फरक काय कळणार!

१६ फेब्रुवारी, सोमवार.

पट्टी: ३३८. पट्टी सैल झाली असावी.

प्रेम कमी पडतंय असं वाटतं. म्हणून आता चार वेळांशिवाय मधूनमधून नुसता भेटायला जातो. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही, म्हणून मूठभर ओट नेतो. डॉक्टरीणबाईंनी आहारातून ओट बंद केले आहेत. मूठ म्हणजे आहार नव्हे.

आज अकरा वेळा गेलो. अकराही वेळा तिने दार लाथांनी वाजवलं. ओढ लागली आहे.

२ मार्च, सोमवार.

पट्टी: ३३३. ठाणात गोल फिरून फिरून तिने जमिनीत चर पाडला आहे. गवत चघळते, मध्येच टाकते, दाराशी येते, कान टवकारते, पुन्हा फिरते. कालवलेली पेंड तशीच.

डॉक्टरीणबाईंनी काडीने लीद उकलून पाहिली. विचारलं, "काका, ओट देता?" मी म्हणालो, "नाही." माझ्या मनात आहाराचा अर्थ होता, त्यामुळे हे खोटं झालं नाही. त्या म्हणाल्या, "मग लिदीत ही टरफलं कसली?"

मी म्हणालो, उंदीर.

त्यांनी काडी फेकून दिली. मग म्हणाल्या, "उंदरांना सांगा, घोडी जाईल."

घरी येऊन देवापुढे बसलो. ओट बंद. आजपासून, खरोखर.

५ मार्च, गुरुवार. सकाळी ८.

ओट बंद होऊन तीन दिवस. हात रिकामे असले तरी जाणं सोडलेलं नाही, कारण माणूस फक्त देण्यासाठी येतो असं तिला वाटायला नको. ती हात हुंगते, काही नाही म्हणून खवळते. आज तिचं मन रमावं म्हणून दाराशी उभा राहून भजन म्हणणार आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी. खाटेवर.

दुसऱ्या कडव्याला दार उघडलं. मी दाराच्या मागे होतो. गुडघा भोपळ्याएवढा झाला आहे. डॉक्टर (माणसांचे) म्हणाले, पंधरा दिवस पाय खाली टेकायचा नाही.

घोडीचा दोष नाही. कडी जुनी आहे.

८ मार्च, रविवार.

ठाण हिच्या हातात गेलं. मी चार पानं सूचना लिहून दिल्या. हिने त्यावर तेलाची बाटली ठेवली.

विचारलं, कसं वाढलंस? म्हणाली, "बादली ठेवली, आले निघून." विचारलं, प्रार्थना? म्हणाली, "मला खोगिरं शिवायची असतात." विचारलं, मग घोडीने काय केलं? म्हणाली, "खाल्लं आणि आडवी होऊन झोपली."

झोपली! किटली आजवर दिवसा आडवी झालेली मी पाहिलेली नाही. पोटशूळ! मेहुण्याला फोन करून पळवलं. तो जाऊन आला आणि म्हणाला, "दाजी, घोरतेय."

१२ मार्च, गुरुवार.

पट्टी: ३४१.

माझी पाच आठवड्यांची मेहनत आता कुठे दिसू लागली. असं सावकाशच लागतं अंगाला. हिला तसं सांगितलं. ही हसली. का हसली ते विचारलं नाही.

२१ मार्च, शनिवार.

पट्टी: ३५२. फासळ्या झाकल्या म्हणे. मैदानात सोडली की चरते, पळत सुटत नाही. देवाची कृपा. उद्यापासून सूत्रं पुन्हा माझ्याकडे. एवढं आणलं आहे, तर शेवटचे आठ किलो माझ्याच हातून व्हावेत.

२५ मार्च, बुधवार.

पट्टी: ३४८.

काठी टेकत टेकत तबेल्याच्या वळणावर येतो आणि तिथेच माझा खोकला ऐकून ती फिरायला लागते. दार पाहिलेलंही नसतं मी अजून. बादली दोनदा उपडी. ओट नाही, भजन नाही, काही नाही. नुसता मी.

ही म्हणाली, "अहो, स्पष्टच सांगते. तुम्ही आलात की तिला वाटतं काहीतरी घडणार. तुम्ही तिला नीट बसूच देत नाही. मलाही देत नव्हता लग्नानंतर दोन वर्षं. मी माणूस होते, सवय करून घेतली."

मी तेलाची बाटली घेऊन गुडघा चोळायला बसलो. गुडघा दुखत होता.

२७ मार्च, शुक्रवार.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून आज खोगिरांच्या खोलीत बसलो. फळीत फट आहे, तिथून ठाण दिसतं. खोकायचं नाही अशी अट. तोंडात रुमाल धरला.

ही आली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात तुटलेला पट्टा. बादली ठेवली, घोडीकडे पाहिलंसुद्धा नाही, गेली. किटलीने मान खाली घातली आणि खाऊ लागली. कोंडा ओठांना चिकटत होता. मधे थांबून गवताचे चार घास, पुन्हा बादली. तळ चाटला. मग एक पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबता ठेवून उभी राहिली.

सत्तावीस वर्षं घोडे सांभाळतो आहे. किटलीला सबंध जेवताना आज पहिल्यांदा पाहिलं.

बादली आणि घोडी यांच्यात मध्यस्थ म्हणून मी इतके दिवस काय करत होतो, कोण जाणे.

१५ एप्रिल, बुधवार.

पट्टी: ३६१. दोनदा लावली. दलालाला मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं, येऊ नका.

निवृत्त पोस्टमास्तर, आमच्याकडे शिकणाऱ्यांत सर्वांत वजनदार, तिच्या पाठीवर बसून मैदानाला तीन फेऱ्या मारून आले. घोडीने हूं की चूं केलं नाही. हे मेहुण्याकडून कळलं. मी तेव्हा मालकीणबाईंच्या खोलीत होतो.

त्यांना म्हणालो, किटलीचं ठाण आणि खाण्याची कोठी हिच्याकडे द्या, कायमची. कोठीची किल्ली टेबलावर ठेवली. स्वतःहून ठेवली, हे इथे लिहून ठेवतो. हिने ती दोनदा मागितली होती हे खरं, पण आज मागितली नव्हती.

मालकीणबाईंनी थांबा वगैरे म्हटलं नाही. किल्ली लगेच खणात टाकली आणि विचारलं, "मग तुम्हाला कुठे बसवू?" मी म्हणालो, जिथे शांत माणसाचा उपयोग होईल तिथे.

उद्यापासून मुख्य फाटकावर. चांगली जागा आहे, सावली आहे, खुर्ची आहे. तबेला तिथून दिसत नाही आणि वारा उलट्या दिशेने वाहतो. बाईंनी मुद्दाम पाहून दिली.