चटणीचा डबा बोलत नाही

२८ जाने., मंगळ.
गिटार आणि अँपच्या मधे लावायचा डबा पूर्ण झाला. आवाज नाही.
गिटार लावली, अँप लावला, पायानं बटण दाबलं. नुसती घूंऽऽ. गिटारचा आवाज फाटायला पाहिजे होता, इथं माझीच फाटली.
म्हणायला नऊ दिवसांचं काम. खरं म्हणजे दोन वर्षांचं. दोस्तानं, सलीमनं दिलेले दोन जुने ट्रान्झिस्टर सॅकमध्ये, मोज्यात गुंडाळून फिरले माझ्याबरोबर. हंपी, गोकर्ण, पुण्यात तीन खोल्या. त्याच्या अब्बांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले शेवटचे दोन. अब्बा गेले, दुकान गेलं, एक ड्रॉवर तेवढा त्यानं घरी आणला होता. "तू बना, मेरेकू सुना," म्हणाला.
दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्या गावातनं निघून गेलो. न सांगता.

२९, बुध.
सलीमचा मेसेज! वर्षाच्या वर झालं असेल. "आठ तारखेकू सोलापूर आतूं. डब्बा बना क्या?"
कसा आहेस नाही, का गेलास नाही. मी सोलापुरात आहे हे कुणीतरी सांगितलं असणार.
मी "हौ" लिहिलं, खाली पत्ता. बनलाय तर खरा. बोलत नाही एवढंच.

३०, गुरु.
आज नीट आठवून बघितलं. हे जुने ट्रान्झिस्टर उष्णता सोसत नाहीत. सोल्डर करताना त्यांच्या तारेच्या पायाला पक्कड धरायची, म्हणजे गरमी पक्कडीत जाते. पहिल्याला धरली होती, नक्की. दुसऱ्याच्या वेळी खिडकीत कबूतर आलं, एका पायानं लंगडं, त्याला शेंगदाणे टाकायला उठलो, परत बसलो आणि...
धरली होती का? आठवतच नाही.
तो ट्रान्झिस्टर मेला असेल तर बाजारात तसला मिळेल कदाचित. अब्बांच्या ड्रॉवरमधला नाही मिळणार.

३१, शुक्र.
जॅकचा नट आवळताना एकदम किंचाळला! अर्धा सेकंद. मग परत घूंऽऽ. नट ढिला केला, आवळला, वीस वेळा. काही नाही.
म्हणजे आत कोणीतरी आहे.
दिवसभरात कोणाशी बोललो नाही. खालचे यंत्रमाग चालू असतात तेव्हा कळत नाही. बंद झाले की कळतं.

१ फेब्रु., शनि.
टेस्टिंगला नवीन ट्रान्झिस्टर आणायला निघालो. स्टँडवर केळीचा रिकामा टेम्पो, ड्रायव्हर म्हणाला, "माढ्याकडनं उजनीला चाललोय, येतो का?" बसलो. का बसलो?
धरणाच्या पाण्याकडेला तीन तास. लांब पायांचे पक्षी. पंपाचा आवाज. जाळं झटकणारे एक आजोबा म्हणाले, "कुणाचा पावना रं तू?" म्हटलं, कुणाचाच नाय. "आसं कुटं आसतंय व्हय," म्हणाले आणि भाकरी पुढं केली.
ट्रान्झिस्टर न घेताच परत.

३, सोम.
आणले एकदाचे. साधे, नवीन. जुने दोन्ही अलगद काढून काडेपेटीत ठेवले, या वेळी पक्कड धरून. बोर्डावर सॉकेट बसवला, म्हणजे आता काढघाल करायला सोल्डर नको.
नवीन घालून बघितले. घूंऽऽ.
म्हणजे चूक दुसरीकडं. किंवा दुसरीकडंपण.

५, बुध.
नारायणमामा वर आले. घरमालक, खाली त्यांचेच चार माग. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. दारातूनच, "काय गिटारवाले, आज तुझं मशीन बंद, माझं पन एक बंद. सुतक हाय काय?"
दाखवलं सगळं. त्यांना वायरिंगमधलं काही कळत नाही, तसं सांगितलं पण त्यांनी. म्हणाले, "तार तुटली की आमी कापडाकडं बघत न्हाय. मागं जायचं, बीमापासनं, सूत गुंडाळलेलं असतंय तितनं. हात लावत लावत पुढं यायचं. तू कुटनं बघत आला?"
"पुढनं. अँपकडनं."
"मंग उलटा फिर की."
मागाची मोटर तपासायचा मीटर आणून दिला, जोड असला की वाजतो तो. सुरुवातीपासून, म्हणजे बॅटरीपासून. पहिलीच वायर, बॅटरी ते डबा. मीटर गप्प.
डबा शेंगदाण्याच्या चटणीचा. गॅरेजमध्ये सहा महिने होतो तेव्हा शिकलो होतो, गाडीत एकच वायर ओढायची, परतीचं काम बॉडी करते. तेच केलं. बॅटरीची एक वायर डब्याला, दोन्ही जॅक डब्याला, मधली वायर वाचवली.
मामांनी आतून नखानं खरडलं. पिवळं निघालं. "ह्याला आतनं वार्निश असतंय की, तिखटाच्या तेलानं गंजू ने म्हनून. करंट कुटनं जानार? चटणी खाल्ली, डबा बघितला न्हाय व्हय?"

६, गुरु.
ब्लेडनं खरडलं, वर वायर पण ओढली. बटण दाबलं.
आला!! पत्रा फाडावा तसा. तासभर एकच सूर वाजवत बसलो. खालून मामा, "बंद हुता तेच बरं हुतं की रं!"
दुसरं ऐकायला कोणी नाही.
मग काडेपेटी दिसली. हे नवीनच आत ठेवून झाकण लावलं, आणि तुझ्या अब्बांचेच आहेत म्हटलं, तर? सलीम काय डबा उघडणार आहे?

७, शुक्र.
जुने तपासले नाहीत. मीटर एक जिना खाली आहे. मागितला नाही.
खोली झाडली. सॅक भरून बघितली. आठवीत गणिताचा पेपर अर्धा सोडून पळालो होतो तेव्हा दप्तर भरलं होतं, तशीच.
सॅक रिकामी केली.

८, शनि.
अकराला आला. वाळलाय. जिन्यातूनच, "क्या रे, जिंदा हय क्या?" मिठी नाही. खुर्ची असताना जमिनीवर बसला, पिशवी मांडीशी. डबा उचलला, "चटणी अकेलेच खा गया?"
सांगितलं सगळं. पक्कड, कबूतर, काडेपेटी. नवीनच ठेवून खोटं बोलणार होतो तेपण. सांगताना त्याच्याकडं बघितलं नाही.
त्यानं काडेपेटी कानाशी नेली, हलवली. माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाला, "लगा. पर मैं चाय बोलके आतूं."
खाली गेला.
नवीन काढले. जुने दोन्ही बसवले. बॅटरी हातात आहे, जोडलेली नाही.
टपरी समोरच्या बोळात. एवढा वेळ नाही लागत चहाला. त्याची पिशवी इथंच आहे का बघितलं. नाही, घेऊन गेलाय.
मामांनी जेवायला माग बंद केले. जिन्यावर कोणी चढलं तर लगेच ऐकू येईल.